धारूरच्या घाटातली भांड्यांची सायकल

दुसऱ्याच वळणावर सायकल थांबली. नुसती थांबली नाही, मागे सरकायला लागली.

वर आप्पा बसलेले. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी स्टीलची पातेली, तपेल्या, डबे लटकवलेले आणि सगळ्यावर पराती बांधलेल्या. माल सत्तर किलो. मी पळत जाऊन मागून कॅरियर धरलं. आमचे वेल्डर उस्मान चाचा, त्यांनी चाकाखाली दगड सरकवला. भांड्यांचा असा काही आवाज झाला की समोरून उतरणाऱ्या जीपवाल्याने गाडी हळू करून बघितलं.

"काय झालं मॅडम?" आप्पांच्या मुलाने, महेशने विचारलं.

"ताण जास्त आला. कंट्रोलरने मोटर बंद केली."

कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला छोटा डबा. मोटरला किती करंट द्यायचा ते तो ठरवतो. मोटर जळायची वेळ आली की करंट तोडतो. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझ्याकडेच कुठेतरी होती आणि मला ती सापडत नव्हती.

आता आधी मी कोण ते सांगते. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. बीडजवळच्या पालीला माझं वर्कशॉप आहे. साध्या सायकलला बॅटरी-मोटर लावून देणं, शेतातल्या ट्रॉल्या, फवारणीचे गाडे, असली कामं करते. डिग्रीचं सर्टिफिकेट वर्कशॉपच्या भिंतीवर लावलं आहे. काचेत, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. लोक म्हणतात मिरवते. मिरवते तर मिरवते. ते मिळवायला चार वर्षं लागली आहेत.

आप्पा, म्हणजे शिवलिंगआप्पा, महिन्याभरापूर्वी एसटीने पालीला आले होते. वय सहासष्ट. कपाळाला भस्म, डोक्याला टोपी, एक डोळा लहानपणीच अधू झालेला. चाळीस वर्षं ते धारूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर सायकलवरून भांडी विकतात. घेतलेल्या भांड्यावर छिन्नी-हातोडीने टिंब टिंब करून नाव घालून देतात. त्या डोंगरातल्या किती घरांत त्यांच्या हातची अक्षरं असतील, याची गणतीच नाही.

"डोळ्यामुळं गाडी शिकलोच न्हाई," ते म्हणाले. "लायसनच्या भानगडीत मला पडायचं न्हाई. पण आता गुडघे लई तरास देतेत. ह्यो पोरगा म्हणतो, दुकानात बसा."

महेश सोबत होता. त्याचं धारूरला किराणा दुकान आहे.

"मग बसा की आप्पा. पंखा असेल, खुर्ची असेल," उस्मान चाचा म्हणाले.

"उस्मानभाई, तिथं गिऱ्हाईक माज्याकडं येतंय. मला गिऱ्हाइकाकडं जायची सवय हाय. गल्ल्यावर बसलो की मला झोपच लागती."

"झोपच लागते ना, पडत तर न्हाई!" महेश उसळला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात आप्पा घाटात पडले. सगळी भांडी रस्ताभर. दोन तास आम्हाला पत्ता न्हाई. त्या दिवशी माज्या आईनं जेवण सोडलं. म्हणून ठरलंय आमचं. तुमची सायकल हा माल घेऊन घाट चढली, तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई चढली तर फेरी बंद."

"ठरलंय म्हणजे?"

"कपिलधारच्या समाधीला पाया पडून शब्द दिलाय आप्पांनी."

आप्पा मान खाली घालून टोपी नीट करत बसले. म्हणजे दिला होता. आणि अशा ठिकाणी दिलेला शब्द हा माणूस मोडणार नाही हेही दिसत होतं.

मी म्हटलं, "चढेल. काळजी करू नका."

मग कागद-पेन घेऊन सगळं विचारलं. माल किती, गावं किती, रस्ते कसे, दिवसाला अंतर किती. आप्पांनी पटापट उत्तरं दिली. मी सगळं लिहून घेतलं. अगदी परीक्षेचा पेपर सोडवावा तसं.

लायसन नको असेल तर नियमांच्या चौकटीत राहावं लागतं. मोटर अडीचशे वॅटची, वेग ताशी पंचवीसच्या आत, वजनावरही बंधन. अडीचशे वॅट म्हणजे किती? तुमच्या घरातला मिक्सर पाचशे वॅटचा असतो. ही मोटर त्याच्या निम्मी. तिच्यावर चटणी वाटायची म्हटली तरी विचार करावा लागेल, आणि आम्हाला त्यावर भांड्यांचं दुकान डोंगरावर न्यायचं होतं.

दुसरी अडचण सायकलची. साध्या सायकलच्या चाकाच्या तारा सत्तर किलो मालाला पुरत नाहीत. आप्पांच्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला दर पंधरा दिवसांनी दोन-तीन तारा नव्या. ब्रेक रबरी ठोकळ्यांचे, ते पावसात धरतच नाहीत. म्हणून मी ठरवलं, सांगाडा सायकलचा आणि हाडं मोटारसायकलची. बीडच्या भंगार बाजारातून एका जुन्या शंभर सीसी गाडीचं सामान आणलं. जाड तारांचं मागचं चाक, त्याच्यातच ड्रम ब्रेक. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या पोटात बसवलेला ब्रेक, त्याला पाणी लागत नाही. मोठं मागचं स्पॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. जाड चेन. मेन स्टँड. पुढचे शॉकॉप, मागचे शॉकॉप, म्हणजे धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा. हेडलाइटसुद्धा आणला. त्याची काही गरज नव्हती. छान दिसत होता म्हणून आणला.

उस्मान चाचा खूश. "बेटा, ही सायकल नाही, हत्ती आहे हत्ती!"

पोस्टरवर छापावी अशी सायकल झाली. लाल रंग, वर पिवळी रेघ. वजन केलं तेव्हा मात्र काट्यावरचा आकडा बघून मी दोनदा पुसून पाहिला. सत्तरच्या घरात. मालाइतकीच सायकल.

तरी मी हिशोब मांडला. सायकल, माल आणि बासष्ट किलोचे आप्पा मिळून दोनशे किलो. अडीचशे वॅटवर एवढं ओझं घाटाच्या चढाला ताशी चार किलोमीटरने जातं. चार किलोमीटरच्या वेगात सायकलवर बसून तोल राहत नाही, माणूस आडवा होतो. म्हणून मी वेग दहा-बाराचा धरला आणि उरलेली ताकद आप्पा पेडल मारून भरून काढतील असं लिहिलं. गुडघे गेले म्हणून आलेला माणूस घाटात पेडल मारेल, हे मी कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघाही मारल्या.

तर अशी ती सायकल दुसऱ्या वळणावर मागे आली होती.

"झालं मग," महेश म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी कबूल करते. "आप्पा, चला. टेम्पो बोलवतो."

आप्पा सावकाश खाली उतरले. सायकलच्या डाव्या बाजूला आले. डावा हात हँडलवर, उजवा हात मागे कॅरियरच्या दोरीवर, अंग थोडं पुढे झुकवलेलं. एवढ्या सहज की तिथे त्यांची जागा कोरून ठेवली आहे असं वाटावं.

"हं. लाव आता मोटर," ते मला म्हणाले.

"आप्पा, एक्सलेटर उजव्या मुठीला आहे. तिकडून तुमचा हात पोचणार नाही."

"मग इकडं का न्हाई लावला?"

"अहो, सायकलवर बसलेल्या माणसाला उजवा हात…"

"बसतंय कोण?"

मी रिकाम्या सीटकडे बघितलं.

"बाई, सायकलवर बसून कोण भांडी इकतंय?" आप्पांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "चाळीस वर्सं झाली, घाट मी असाच चढतो. हिला धरून. गावात बी असाच. बसलो तर बायका हाक मारंस्तोवर म्होरं जाईन की मी."

"मग आत्ता बसलात कशाला?"

"तू बसा म्हणलीस म्हणून बसलो!"

उस्मान चाचा रस्त्याच्या कठड्यावर बसून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आणि आधी का नाही सांगितलं आप्पा? महिनाभर काम चाललं होतं."

आप्पा ओशाळले. "आता तू एवढी शिकलेली इंजिनेर बाई. भिंतीवर काचेत लावलंय. म्हणलं, हिला ठाव असंल. आपण कशाला मधी बोलायचं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला हसू आलं आणि लाजही वाटली. डिग्रीचा मान राखून ते गप्प बसले. डिग्रीच्या तोऱ्यात मी विचारलं नाही. मधल्या मध्ये सायकल मात्र माणूस बसणार म्हणून तयार झाली. बासष्ट किलो ओझं मी हिशोबात धरलं होतं. ते ओझं शेजारून चालणार होतं.

मी उजवीकडून जाऊन एक्सलेटर हळूच पिळला. सायकल निघाली. हळू, कुरकुरत, पण निघाली. दहा पावलं गेली, वीस गेली. मग वजनाने पुन्हा दमली. पण वीस पावलं सगळ्यांनी बघितली होती.

आप्पा महेशकडे वळले. "शब्द काय दिलता? सायकल माल घेऊन चढली तर. म्या वर बसायचं असं काय बोललो न्हवतो."

महेशने एकदा घाटाकडे बघितलं. "आठ दिवस," तो म्हणाला. "मॅडम, आठच दिवस. मग मात्र दोघांनी बी मला काय सांगायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉप उघडलं नाही. धारूरला गेले आणि आप्पांच्या जुन्या सायकलीसोबत दिवसभर चालले. पायात शहरी सँडल होते. संध्याकाळपर्यंत एकाचा पट्टा गेला.

कागदावर न आलेल्या गोष्टी त्या दिवशी दिसल्या. आप्पा सायकलवर बसतात ते फक्त दोन गावांमधल्या सपाट रस्त्यावर. गावात दर तीस पावलांवर थांबतात. थांबले की सायकलला बांबूचा टेकू लावतात आणि टेकू निसटू नये म्हणून एक पाय सतत त्याच्याजवळ ठेवतात. बाई पातेलं वाजवून बघते, शेजारणीला बोलावते, दोघी मिळून आप्पांच्या मालाला नावं ठेवतात. आप्पा ऐकून घेतात.

"ही परात लई पातळ हाय आप्पा."

"तुज्या सासूला बी हीच दिलती. तिची अजून टिकलीय. सासू बी टिकलीय."

सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती परतीच्या उतारावर. सत्तर किलो मालाची सायकल खाली ओढत होती आणि आप्पा टाचा रोवून, मागे रेलून तिला धरून ठेवत होते. रबरी ब्रेक नावाला. खरा ब्रेक आप्पांचे गुडघे.

"आप्पा, तुम्ही पडलात तो चढावर की उतारावर?"

"उतारावर की. चढाला कोण पडतंय?"

महेशनेही मला फक्त 'घाटात' म्हणून सांगितलं होतं. पुढचं मीच ठरवून टाकलं होतं.

वर्कशॉपमध्ये आल्यावर मी उस्मान चाचांना म्हटलं, "चाचा, शॉकॉप काढायचे. पुढचे, मागचे, सगळे. हेडलाइट काढायचा. मागचं चाक धरणारा जाड चिमटा कापून सायकलच्या पाइपचा लावायचा."

"मी जोडलेलं मीच कापू?"

"हो."

"बेटा, असं वेल्डिंग पुन्हा होणार नाही."

"म्हणूनच कापायला तुम्हाला सांगते. दुसऱ्याला जमणार नाही."

ते पुटपुटत उठले, पण कापलं. चालणाऱ्या माणसाला शॉकॉपचा काय उपयोग? पातेल्यांना धक्के बसले तर बसू देत. वीस किलोच्या वर वजन उतरलं. ठेवलं काय? मागचं चाक, ड्रम ब्रेक, जाड चेन, मोठं स्पॉकेट आणि मेन स्टँड. मोटरच्या टोकाला आणखी लहान दातेरी चाक लावलं. लहान चाकाने मोठं चाक फिरवलं की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाची चाल. सपाट रस्त्यावर बसून जायचं तर मोटर बंद ठेवून पेडल.

एक्सलेटर डाव्या मुठीला आणला. ड्रम ब्रेकची तार डाव्या लिव्हरला जोडली. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद. मूठ सोडली तरी बंद. आप्पा कुठे अडखळले, तर सायकल एकटी घाट चढून जायला नको.

मेन स्टँडचे पाय उस्मान चाचांनी रुंद केले, खाली लोखंडी पट्ट्या मारल्या. त्यासाठी तीनदा करून बघावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी वर्कशॉपसमोरच्या उताराला भरलेली सायकल उभी केली, हात सोडले आणि माझ्याकडे न बघता चहा सांगितला.

आठव्या दिवशी पुन्हा धारूरचा घाट. तोच माल, तेच दुसरं वळण. आप्पा डाव्या बाजूला, मी मागे, महेश शेजारी. उस्मान चाचा हातात दगड घेऊन तयार.

दुसरं वळण गेलं.

बोललं तर सायकल थांबेल असं वाटत होतं. नुसता चेनचा आवाज आणि भांड्यांची किणकिण. तिसरं वळण गेलं. उस्मान चाचांनी दगड टाकून दिला. महेश दुकानात बसणारा माणूस, त्याला धाप लागली. तो मागे पडायला लागला.

"आरं ये की!" आप्पा मान वळवून ओरडले. "तुला बी मोटर बसवायची का बाईंकडनं?"

वरच्या अंगाला जीपची वाट बघत एक बाई सावलीत उभी होती. कडेवर नातू. तिने आप्पांना ओळखलं.

"आप्पा, आमच्या वस्तीवर महिनाभर आलाच न्हाईत? माजं तपेलं राह्यलं की!"

आप्पांनी ब्रेक दाबला. मोटर बंद झाली. पायाने मेन स्टँड लावला. भर चढावर, सत्तर किलो माल घेऊन, सायकल दोन पायांवर उभी राहिली आणि आप्पांनी दोन्ही हात सोडले. मी त्यांचं तोंड बघत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा भरलेली सायकल सोडून ते तिच्यापासून चार पावलं लांब गेले होते. एकदा मागे वळून बघितलं. सायकल जागेवर. मग ते आणखी दोन पावलं गेले, उगीचच.

तपेलं पसंत पडलं. नाव घालायचं होतं, नातवाचं. आप्पांनी कोटाच्या खिशातून छिन्नी काढली.

"महेश, तपेलं धर."

"आप्पा, आपली ट्रायल चालू हाय."

"ट्रायल मोटरीची हाय. माजा धंदा चालू हाय. धर."

महेश रस्त्यात उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तपेलं धरलं. टिक टिक टिक करत आप्पा नाव घालत होते. महेश सायकलकडे बघत होता. कुणाचाही हात न लागता ती उभी होती.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "उताराला पण धरंल?"

"वर जाऊ. येताना तूच धरून बघ."

येताना त्यानेच धरली. एका बोटाने ब्रेक दाबत, सोडत, भरलेली सायकल घेऊन तो पूर्ण घाट उतरला. आप्पा मागून मोकळ्या हातांनी, पाठीवर हात बांधून चालत आले. खाली आल्यावर महेशने सायकल स्टँडला लावली आणि वडिलांना म्हणाला, "संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी यायचं. बाकी मला काय बोलायचं न्हाई."

"तेवढं ऐकीन," आप्पा म्हणाले.

फेरी चालू आहे. पूर्वी सोडून दिलेल्या दोन वरच्या वस्त्याही आप्पांनी परत धरल्या आहेत. गुडघे नवे झाले नाहीत, पण तक्रार कमी आहे.

त्यांची सायकल बघून गेल्या महिन्यात एक बांगड्यावाला ऑर्डर घेऊन आला. म्हणाला, सेम टू सेम करून द्या. मी म्हटलं, आधी एक दिवस तुमच्याबरोबर फिरते. या वेळी बूट घालून गेले. फिरल्यावर कळलं की तो घाट चढतच नाही. पेटी जीपच्या टपावर टाकतो आणि वर जाऊन सायकलला बांधतो. त्याला मोटर नको होती. फक्त बांगड्या फुटू नयेत म्हणून घट्ट उभं राहणारं मेन स्टँड हवं होतं. तेवढं बसवून दिलं आणि मोठी ऑर्डर हातची घालवली.

उस्मान चाचा म्हणाले, "बेटा, गिऱ्हाइकाला असं विचारत बसलीस तर वर्कशॉप बंद पडेल."

अजून पडलेलं नाही. बूट मात्र झिजले आहेत.